उकळल्यानंतर सुई कुठे कुठे गेली

खळखळून उकळलेली सुई अंगात टोचली आणि तरीही ती जागा पिकली, तर चूक कशाची मानायची? उकळण्याची, की उकळल्यानंतर घडलेल्या दुसऱ्या कशाची? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे जवळजवळ एक वर्ष गेले. उत्तर तसे चार शब्दांचे आहे. पण नुसते उत्तर सांगितले की ऐकणारा मान हलवतो आणि विसरून जातो, हे मी शाळेत पुष्कळ वेळा पाहिले आहे. म्हणून जसे घडले तसे क्रमाने लिहिते.

राज्यांची पुनर्रचना होऊन आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही हकीकत. तालुक्याचे नाव तेव्हा सुपा होते. मी गुंदच्या मराठी शाळेत शिकवीत होते आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर एका शेतकरी बाईच्या घरात राहत होते. तिला सारा गाव अक्का म्हणे, मीही तेच म्हणू लागले. अक्काचे यजमान दांडेलीकडे लाकडाच्या कामावर असत आणि सणासुदीला घरी येत. घर, दोन म्हशी आणि ओढ्याकाठची खंडाने घेतलेली दोन भातशेते हे सारे अक्काच्या अंगावर होते.

अक्काचे गुडघे दुखत. आमच्या भागात दुखऱ्या सांध्यावर गोंदून घेण्याची रीत जुनी आहे. कपाळावरचे गोंदण शोभेचे, गुडघ्यावरचे दुखण्याचे. शिमगा झाला की खानापूरच्या बाजूने एक वयस्कर गोंदणारीण येई. तिला सगळ्या बाया अव्वा म्हणत. तीन शिवणाच्या सुया दोऱ्याने एका काडीला घट्ट बांधलेल्या, नारळाच्या करवंटीत दिव्याची काजळी, एवढे तिचे साहित्य. गुडघ्याच्या वाटीभोवती सात ठिपक्यांचे कडे ती टोचून काढी. दुखणे त्या कड्याच्या बाहेर पडते, असे ती सांगे.

ज्या वर्षापासून हकीकत सुरू होते, त्या वर्षी अक्काने डावा गुडघा गोंदून घ्यायचे ठरवले. मी म्हटले, घ्या, पण सुया आधी उकळा. ट्रेनिंगच्या वर्गात आरोग्याच्या पुस्तकात मी तो धडा शिकले होते आणि मुलींना शिकवीतही होते. अव्वाने कुरकूर केली नाही. माझ्या देखत तिने सुयांची काडी पितळी तपेलीत टाकली, पाणी चांगले पाव तास उकळले, त्याच पाण्यात काजळी कालवली आणि गोंदले. मी समोर बसून शेवटच्या ठिपक्यापर्यंत पाहिले.

पाचव्या दिवशी गुडघा तापला. आठव्या दिवशी ठिपक्यांतून पू आला. अक्का वैशाख संपेपर्यंत पाय सरळ ठेवून पडून होती. पाऊस लागला तेव्हा जखम भरली होती, पण गुडघा पुरता वाकेना. चिखलात ओणवे राहून लावणी करणे तिला जमले नाही आणि दोन्ही शेते पड राहिली. जमिनीच्या मालकाने आश्विनात निरोप पाठवला: या वर्षी सोसले, पुढच्या वर्षी शेत पड राहिले तर दुसऱ्याला देईन.

गावात मात्र निराळाच निकाल लागला. पाणवठ्यावर एक म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आमची अव्वा तीस वर्सं गोंदती. कुणाचं पिकलं, कुणाचं न्हाई. बाईंनी सुई शिजवली आन् बघा काय झालं! सुईचा गुण पाण्यात गेला."

मी घागर उचलून घरी आले. अव्वाने मी सांगितलेले केले होते, माझ्या डोळ्यांदेखत केले होते, आणि पाय पिकला होता.

त्यात अक्काने नवे काढले. डाव्या पायावर भार देता येईना, म्हणून सगळे वजन उजव्यावर जाई आणि तो दुखू लागला. दिवाळीच्या आधी एकदा चूल पेटवताना ती म्हणाली, "औंदा शिमग्याला अव्वा आली की उजवा गुडघा गोंदून घेते."

"अक्का, डाव्याचे काय झाले ते विसरलात?"

"पिकला खरा. पन आता दुखत न्हाई."

"वाकतही नाही."

"म्हणून तर उजवा पायजे! शेत गेलं तर खायाचं काय, तुमची पाटी?"

मी तिला आधी सुप्याच्या दवाखान्यात पाय दाखवायला सांगितले. ती म्हणाली की तिथपर्यंत चालायला जे गुडघे लागतात तेच दाखवायचे आहेत. अक्का एकदा ठरवले की बदलत नसे. ती गोंदून घेणार हे नक्की होते, आणि मागच्यासारखेच झाले तर शेत जाणार हेही नक्की होते. माझ्या हाती एवढेच उरले, की शिमग्यापूर्वी चूक कुठे झाली ते शोधून काढायचे. मी तसे वहीत लिहून ठेवले. लिहिलेले काम माझ्याकडून टळत नाही.

दिवाळीच्या सुटीत मी सुप्याला गेले आणि सरकारी दवाखान्यात कंपाउंडरांना भेटले. मध्यम वयाचे, अबोल गृहस्थ. त्यांनी स्टोव्हवर ठेवलेली निकेलची पेटी दाखवली. आत काचेची पिचकारी आणि सुया पाण्यात उकळत होत्या. वीस मिनिटे घड्याळात मोजून त्यांनी झाकण काढले, वेगळा उकळलेला चिमटा घेतला, सुईचे मागचे टोक त्यात धरून ती पिचकारीला बसवली. पुढच्या टोकाला काहीही लागले नाही. ना बोट, ना कापूस, ना टेबल. मी माझी सगळी हकीकत सांगितली.

ते म्हणाले, "उकळल्यावर सुई कुठं कुठं गेली?"

"कुठे जाणार? तपेलीतून पायात."

"बघितलंय तुमी?"

"समोर बसले होते."

"समोर बसणं येगळं, बाई," असे म्हणून त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

मला राग आला. पण परतीच्या वाटेवर रागाची जागा दुसऱ्या विचाराने घेतली. मी मुलांना सांगत असे की पाहिलेले लिहा, वाटलेले लिहू नका. मग मी काय पाहिले होते? घरी येऊन मी वही उघडली आणि त्या दिवशी अव्वाच्या हाताने काय काय केले, ते एकाखाली एक लिहू लागले. काडी तपेलीतून काढली. काजळीत बुडवली. टोचली. पुन्हा बुडवली. टोचली. यापलीकडे मला काही आठवेना. पाण्यावर संशय घ्यावा तर पाणी उकळलेले. काजळी त्याच पाण्यातली. जखमेवर नंतर गोठ्यातली घाण उडाली असेल, हे शक्य होते. पण अक्का शपथेवर सांगे, की पहिले चार दिवस तिने गोठ्यात पाऊल टाकले नव्हते.

मार्गशीर्षात सुगीची कामे आटोपली की आमच्याकडे वाकळी शिवायला काढतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून बायका ओसरीत बसतात आणि कडेकडेने टाके घालत मध्यापर्यंत येतात. एका रविवारी अक्का पाय लांब करून एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला बसले होते. थर जाड होते, सुई अडत होती. सुई अडली की आपण काय करतो? मी तेच केले. हात वर गेला, तेल लावलेल्या केसांतून सुई एकदा ओढली आणि ती पुन्हा कापडात सुळकन गेली.

माझा हात तिथेच थांबला.

"काय झालं?" अक्का म्हणाली. "टोचली व्हय?"

"अक्का, आत्ता मी काय केले?"

"शिवताय की."

"त्याच्या आधी?"

"आदी? काय न्हाई."

"हात कुठे नेला होता मी?"

तिने आठवायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. दोन हातांवर बसलेल्या बाईला ते दिसले नव्हते, कारण ते दिसण्याजोगे काही नव्हतेच. श्वास घेताना कोणी पाहतो का? अक्काही दर चार टाक्यांनी तेच करीत होती. मी मोजू लागले. वाकळीची एक कड संपेपर्यंत तिची सुई अकरा वेळा डोक्याकडे गेली आणि तिला एकदाही कळले नाही.

आता मला अव्वाचा हात आठवला. प्रत्येक ठिपका संपला की काडी तिच्या तेलकट अंबाड्यावरून फिरून येई. मी समोर बसून ते सात वेळा पाहिले होते आणि एकदाही पाहिले नव्हते.

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय पाणवठ्यावरच्या म्हातारीला माझी आठवण काय पटणार? डोळ्यांना दिसेल असे काहीतरी हवे होते. शिळी पेज नासते हे सर्वांना ठाऊक असते. मी औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या घेतल्या, त्यांत भाताच्या पेजेची निवळ भरली, तोंडाला कापसाचे बोळे घट्ट बसवले आणि बाटल्या मोठ्या टोपात उभ्या करून उकळल्या. पहिल्या बाटलीला काहीच करायचे नाही. दुसरीत उकळलेली सुई चिमट्याने धरून बुडवायची. तिसरीत तशीच उकळलेली सुई, पण आधी एकदा माझ्या केसांतून ओढून. मग तिन्ही शिंक्यात ठेवायच्या आणि वाट पाहायची.

पहिल्या खेपेला तिन्ही बाटल्या नासल्या.

अक्का शिंक्याखाली नाक धरून उभी राहिली. "पेज नासवायला येवढी शाळा शिकलात? आमची म्हस बिनशाळेची नासवती."

मी विचार केला. बोळे बहुधा वाफेने भिजून सैल झाले होते आणि मी एकदाच उकळले होते. दुसऱ्या खेपेला कापूस तव्यावर तांबूस होईपर्यंत भाजून घेतला आणि बाटल्या लागोपाठ तीन दिवस उकळल्या. या वेळी सुया बुडवल्यापासून तिसऱ्या दिवशी पहिली आणि दुसरी बाटली स्वच्छ होती. केसांतून गेलेल्या सुईची बाटली गढूळ झाली होती, चौथ्या दिवशी तिच्यावर साय धरली. तिसऱ्या खेपेलाही तसेच झाले. चौथ्या खेपेला मात्र दुसरी बाटलीही नासली. माझे बोट सुईला लागले असावे. मी ते पाहिले नव्हते, म्हणून वहीत "कारण कळले नाही" असे लिहिले.

शिमगा झाला आणि अव्वा आली. ओसरीवर बसून तिने गूळपाणी घेतले, अक्काचा डावा गुडघा दाबून पाहिला आणि स्वतःच म्हणाली, "ह्यो माझ्या हातून बिघडला, तंगी. वर्सभर मनात हाय माझ्या." आमच्याकडे कानडी-मराठीची सरमिसळ असते. तंगी म्हणजे धाकटी बहीण. तिच्या तोंडून हे ऐकले आणि मी पाठ केलेले भाषण विसरले. मी सरळ म्हटले, "अव्वा, सुई तुम्ही केसांतून ओढता, त्याने झाले असे मला वाटते."

ती ताठ झाली. "माझं डोस्कं घाण म्हणताय?"

"तसे नाही."

"मग कसं? माझ्या आईनं ह्याच हातानं गोंदलं. तिनं बी केसातनंच सुई काढली. सुई कोरडी गेली तर माणूस वरडतं! तुमाला टोचून घ्याचं हाय का कोरडी?"

मी उठून शिंक्यातल्या बाटल्या आणल्या. या खास तिच्यासाठी आठ दिवसांपूर्वी भरल्या होत्या. स्वच्छ दोन तिच्यासमोर ठेवल्या, मग तिसरी ठेवली, कोणतीत कसली सुई बुडवली ते सांगितले आणि तिसरीचा बोळा काढला. तिने मान मागे घेतली.

"ही सुई कुनाच्या डोस्क्यातली?"

"माझ्या."

"तुमच्या?"

"त्याच्या आदल्या दिवशीच शिकेकाईने न्हाले होते. तरी."

अव्वा थोडा वेळ बाटलीकडे, थोडा वेळ माझ्या वेणीकडे पाहत राहिली. मग मोठ्याने हसली. "मास्तरीणबाई, पाटी शिकून बी डोस्क्यात ह्येच व्हय!"

अक्का हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. "आता कळलं पोरास्नी गणित का येत न्हाई!"

मी त्यांना हसू दिले. ती बाटली माझ्या केसांची होती म्हणूनच अव्वाने ती हातात घेतली, याची मला खात्री आहे. तिच्या केसांची असती तर ती अंगणात गेली असती.

पुढचा प्रश्न अवघड होता. अव्वाने केस सोडायचे कबूल केले. पण जे आपल्या नकळत होते ते कबूल करून थांबत नाही. तिचा हात तिला न विचारता वर जाणार होता. मार्ग अक्काने काढला. घरातला धुवट पंचा आणला, अव्वाचा अंबाडा, कानशिले, सगळे गच्च बांधले आणि म्हणाली, "आता जाऊ दे हात. केस कुठं गावतात बघू." आणि काडी कशालाही लागली, अगदी त्या पंच्यालाही, तर ती पुन्हा तपेलीत जाईल आणि वीस मिनिटे सगळे थांबतील, असा नियम ठरला. सुई सुळकन जावी म्हणून तेलाऐवजी उकळून निववलेले पाणी. तीन कोऱ्या सुया मी आणून ठेवल्याच होत्या. त्या अक्काच्या, दुसऱ्या कोणाच्या अंगात जायच्या नाहीत. अव्वाने कोपरापर्यंत हात साबणाने धुतले आणि अक्काच्या गुडघ्यालाही साबण लावला.

पहिला ठिपका झाला. अव्वाचा हात वर गेला आणि पंच्याला लागला.

"गेली!" अक्का ओरडली.

"आगं बया! म्या न्हाई, हातानं केलं!"

काडी तपेलीत गेली. वीस मिनिटे आम्ही गप्पा मारल्या. दुसऱ्या ठिपक्यानंतर पुन्हा "गेली!" चौथ्यानंतर पुन्हा. सात ठिपक्यांना सकाळची दुपार झाली. तिसऱ्या वेळेनंतर अव्वा स्वतःच हात अर्ध्या वाटेवर थांबवू लागली. एकदा तर तिने डाव्या हाताने उजवे मनगट धरून खाली आणले आणि त्याला कानडीत शिवी दिली. अक्काला दुखत होते. तेलाविना सुई खरोखरच जास्त दुखते, तेवढे अव्वाचे म्हणणे बरोबर होते. अक्काने दात आवळून धरले आणि शेवटपर्यंत मोजत राहिली.

आठ दिवस तिला मी गोठ्यात जाऊ दिले नाही. म्हशी मी पाहिल्या, आणि त्यांनी मला जसे वागवले ते येथे लिहीत नाही. मी रोज सकाळी शाळेपूर्वी गुडघा पाहून वहीत लिहीत असे. पाचव्या दिवशी, ज्या दिवशी मागच्या वर्षी ताप चढला होता, त्या दिवशी मी शाळेला निघण्यापूर्वी दोनदा हात लावून पाहिला. गुडघा गार होता. आठव्या दिवशी खपल्या वाळल्या. पंधराव्या दिवशी अक्का न धरता उकिडवी बसली.

गोंदण्याने तिचे दुखणे गेले का? अक्का म्हणे, गेले. मला ते सांगता येणार नाही. आठ दिवसांची विश्रांती तिला लग्न झाल्यापासून प्रथमच मिळाली होती आणि तिचाही गुण असेल. माझा प्रश्न दुखण्याचा नव्हता, सुईबरोबर आत काय जाते याचा होता. त्याचेही उत्तर एका गुडघ्याने सिद्ध होत नाही. न उकळलेल्या सुयांनी गोंदून न पिकलेल्या कितीतरी बाया त्या गावात होत्या. बाटल्या मी त्यानंतरही दरवर्षी वर्गात भरल्या. पुष्कळदा तिसरीच नासली, कधी दुसरीही. अव्वा पुढची जितकी वर्षे आली तितकी डोक्याला पंचा बांधून बसली. गावात त्याची चेष्टा झाली आणि मग सवय झाली.

आषाढात लावणी लागली. शाळा सुटल्यावर मी ओढ्याकाठी गेले, तेव्हा बायांच्या ओळीत अक्का ओणवी होती. डावा पाय जरा बाजूला तिरका टाकलेला, उजवा वाकलेला. मला पाहून ती तरव्याच्या रोपांची मूठ वर करून ओरडली, "बाई, मास्तर-मास्तर किती खेळाल, या चिखलात!" दोन्ही शेते संध्याकाळपर्यंत हिरवी झाली. मालकाचा निरोप त्या वर्षी आला नाही.

आता माझे गुडघे दुखतात. शहरांत केसासारख्या बारीक सुया टोचून दुखणे कमी करणारे दवाखाने निघाले आहेत, आणि तिथे एकदाच वापरून टाकायच्या सुया बंद पाकिटात येतात. तसल्या सुया असल्या तर कुणीही गोंदणारणीकडे जाऊ नये, हे मी स्पष्ट सांगते. पण पाकीट फोडल्यापासून कातडीपर्यंत सुई वाटेत कशाला लागते, हा प्रश्न तिथेही तोच आहे.

तेव्हा वाचकांना माझी विनंती एवढीच: माझ्या शब्दावर विसंबू नका. तीन बाटल्या घ्या, पेज भरा, कापूस भाजून घ्या, तीन दिवस उकळा, आणि आपल्याच केसांतून ओढलेली सुई तिसरीत बुडवून पाहा. आणि पुढच्या वेळी कोणी तुम्हाला सुई टोचेल, तेव्हा तोंड फिरवू नका. तिचे टोक कुठे कुठे जाते ते स्वतः पाहा.